गिरगाव ते डोंबिवली : बिऱ्हाडे का हलली?

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्याकडे नेहमीच्या गप्पा रंगल्याच नाहीत. एरवी वाण देऊन-घेऊन झाले की साड्या, सुना आणि गुडघेदुखी असा क्रम ठरलेला असतो. यंदा ज्या त्या भगिनीच्या तोंडी घर हा एकच विषय होता. आमच्या गल्लीतील पाच इमारती पाडून नव्याने बांधावयाच्या ठरल्या आहेत. तीन वर्षे राहायचे कुठे, मग परत यायचे की कायमचे हलायचे, ठाण्यास जावे, बदलापूर पाहावे की मुलाकडे पुण्यास जाऊन राहावे, असा खल चालला होता. तेवढ्यात एक नवी सून मला म्हणाली, "काकू, पण तुम्ही मंडळींनी त्या काळी इतकी लांबची डोंबिवली निवडलीत तरी कशी?"

'निवडलीत' या शब्दाशी मी थबकले. आम्ही कुठे काय निवडले होते? चिटणीसबाईंचा स्मरणिकेसाठी लेखाचा तगादा होताच. तेव्हा म्हटले, मुंबईच्या आपल्या माणसांची बिऱ्हाडे कशी आणि का हलली तेच लिहावे. मी काही इतिहासाची अभ्यासक नव्हे. पण तीन पिढ्यांचे ऐकलेले आणि पाहिलेले माझ्या गाठीशी आहे, आणि त्याला थोडी वाचनाची जोड आहे.

आगगाडी आली आणि माणसे उपनगरांत गेली, असे आपण शाळेत शिकलो. ते निम्मेच खरे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. पश्चिमेकडे १८६७ साली विरारहून मुंबईस गाडी सुरू झाली. म्हणजे आपल्या गावावरून गाडी धावू लागली त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. म्हणून काय गिरगावातील कारकून लगेच उठून डोंबिवलीस राहावयास आला? मुळीच नाही. त्याची कचेरी कोटात होती, आणि गिरगावातून कोटात पायी जाता येत होते. १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची आली. पायी न जाणाऱ्याची तीही सोय झाली. दोन खोल्या, सामाईक गॅलरी, मजल्याच्या टोकाला नळ आणि संडास, पण दुपारी जेवणाचा डबा गरम पोचत होता आणि संध्याकाळी साडेसहाला माणूस घरात होता. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो याच दाटीवाटीच्या जगात. ज्याला इतके सारे हाकेच्या अंतरावर मिळते तो उगाच उठून खाडीपलीकडे कशाला जाईल?

तो गेला तो भीतीने. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला. आमच्या आजेसासूबाई तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. मी १९७१ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती आणि दुपारच्या वेळी लसूण सोलता सोलता त्या मला प्लेगच्या कथा सांगत. गोरे सोल्जर घरात शिरून माणसे तपासत, भांडीकुंडी रस्त्यावर येत, शेजारची बाई इस्पितळात नेली ती परत आली नाही. त्यांच्या वडिलांनी सारे कुटुंब बोटीत घालून कोकणात पोचविले. दोन वर्षांनी परत आले तेव्हा चाळीतील निम्म्या दारांतून अनोळखी चेहरे डोकावत होते, असे त्या सांगत.

या प्लेगमुळेच सरकारला जाग आली आणि १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. अंधाऱ्या, कोंदट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढावयाचे आणि उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत आखीव वस्ती वसवावयाची, असे त्याचे काम. यातले पाडणे झपाट्याने झाले आणि बांधणे सावकाश, हा अनुभव नवा नाही हे आमच्या गल्लीतील भगिनींना वेगळे सांगावयास नको! तरी पण दादर-माटुंग्याचे सरळ रस्ते, त्यांच्या कडेची झाडे आणि दोन इमारतींमधील मोकळी जागा ही त्या ट्रस्टच्या आराखड्याची देणगी आहे.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडत होती. १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीस सारस्वत मंडळींची सहकारी गृहसंस्था निघाली. भाडेकरूंनीच एकत्र येऊन मालक व्हावे, ही कल्पना तेव्हा अगदी नवी होती. पुढे दादरला पारशी कॉलनी झाली, हिंदू कॉलनी झाली. ठिकठिकाणी एकेका जातीच्या, एकेका गावाकडच्या लोकांच्या सोसायट्या निघाल्या. नवख्या ओसाड जागी जाताना शेजारी आपले माणूस असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र 'आपले माणूस' या दोन शब्दांनी कितीजणांच्या तोंडावर दार बंद झाले तेही सांगावयास हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत वीस-बावीस वर्षे राहिले. त्यानंतर त्यांनी आपल्या ग्रंथसंग्रहासाठी आणि कुटुंबासाठी 'राजगृह' बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत. आपल्या ज्ञातीच्या आडोशाला न जाता जिथे आपल्याला शेजार नाकारला जाईल अशा वस्तीतच हक्काने घर बांधणे, ही मला मुंबईतील सर्वांत धीट निवड वाटते. आमच्या घरची गोष्ट इतकी भूषणावह नाही. मामंजींनी सोसायटी पाहिली तेव्हा सभासदांच्या आडनावांची यादी आधी वाचली आणि मग नकाशा पाहिला, हे सासूबाईंनीच मला सांगितले आहे.

दादरची एक गोष्ट आमच्या घरात कायम सल होऊन राहिली. महापालिकेने १९२५ साली खुले केलेले माहीम पार्क १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने शिवाजी पार्क झाले, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत त्याच्या भोवती तीन मजली इमारती उठल्या. प्रत्येक ब्लॉकला स्वतःचे न्हाणीघर, स्वतःचा संडास! गॅलरीच्या टोकाला रांग लावलेल्या बाईला याचे मोल काय वाटेल ते बाईलाच कळावे. १९३८ च्या सुमारास आमच्या आजेसासऱ्यांना तिथला तीन खोल्यांचा ब्लॉक भाड्याने मिळत होता. ते संध्याकाळी एकटेच पाहून आले. समुद्राचा वारा फार, माणसांची वर्दळ कमी, भाडे दुपटीचे, आणि बाईमाणसाने तिन्हीसांजेस त्या माळावर राहायचे कसे, असे म्हणून त्यांनी नकार कळविला. आजेसासूबाई शेवटपर्यंत म्हणत, "मला भीती वाटेल असे त्यांनी ठरवले. पण मला जागा कोणी दाखवलीसुद्धा नाही गं!"

मी स्वतः माहेरची पार्ल्याची. पार्ल्याची चाल निराळी. पश्चिम रेल्वेवर १९२८ साली बोरीवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या, पण त्याच्या आधीच, १९२१ मध्ये, तिथे पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले होते आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. माझे वडील पार्ल्यास आले ते शाळेसाठी. घर कौलारू, मागे विहीर, पावसाळ्यात अंगणात साप, रात्री स्टेशनवरून येताना हातात कंदील; पण मुले कुठे शिकतील याची विवंचना नाही. उपनगर म्हणजे नुसती झोपायची जागा होऊ नये असे ज्यांना वाटले त्यांनी आधी शाळा आणि वाचनालय काढले. पार्ले इतके टिकले याचे कारण मला तरी हेच दिसते.

पुढे १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. जो चाळीत होता तो वाचला, हे खरेच आहे. आमचे घरही त्या कायद्याच्या छत्राखाली होते. पण त्यामुळे भाड्यासाठी इमारत बांधणे कोणाला परवडेना, मालक डागडुजी करीनात, आणि खोली हवी तर हजारोंची पागडी मोजावी लागे. आमच्या गिरगावच्या दोन खोल्यांत १९६० साली अकरा माणसे होती. थोरल्या भावजींचे लग्न झाले, धाकट्यांचे ठरले. नव्या जोडप्यासाठी रात्री स्वयंपाकघर मोकळे करून बाकीची मंडळी गॅलरीत निजायला जात. पहाटे चारला नळ येई, तेव्हा सासूबाईंना त्या खोलीचे दार वाजवावे लागे. ही लाज त्यांनी किती वर्षे सोसली कोण जाणे. शेवटी १९६४ साली एके दिवशी त्यांनी मामंजींना सांगितले, "अहो, कुठेही न्या, पण मला दार वाजवावे लागणार नाही अशा घरात न्या." आमचे बिऱ्हाड हलले ते या वाक्याने. इतिहासाच्या पुस्तकांत ट्रस्ट येतो, कायदा येतो, वीज येते. हे वाक्य कुठे येत नाही. पण त्या काळात गिरगाव-दादर सोडलेल्या भगिनींना विचारा, निम्म्या घरांत असलेच काहीतरी निघेल.

मामंजींनी तीन गोष्टी पाहिल्या : किंमत, स्टेशनापासूनचे पायी अंतर, आणि व्ही. टी. चा पास. १९६० साली राज्याचा सहकारी संस्थांचा कायदा झाला होता आणि १९६३ साली मालकीच्या सदनिकांचा, त्यामुळे ब्लॉक विकत घेणे ही नोकरदाराच्या आवाक्यातील गोष्ट होऊ लागली होती. दादर परवडत नव्हते, पार्ले नाही, मुलुंडही हाताबाहेर चालले होते. अठ्ठेचाळीस किलोमीटरवरची डोंबिवली परवडत होती. पैसे कमी पडले तेव्हा सासूबाईंच्या चार पाटल्या गेल्या. करारावर नाव मात्र एकट्या मामंजींचे. तेव्हा कोणाला त्यात वावगेही वाटले नाही, सासूबाईंना तर नाहीच. आज महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ती २०२१ पासून. सासूबाईंना हे सांगायला मिळाले असते तर त्या हसून म्हणाल्या असत्या, "माझ्या पाटल्या परत देतात का ते विचार."

सासूबाईंनी विचारलेला एकच प्रश्न मामंजींच्या यादीत नव्हता : पाणी कुठले? त्याचे उत्तर पहिल्या उन्हाळ्यात मिळाले. मुंबईची हद्द १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली होती. त्या हद्दीच्या आत राहणाऱ्याला आज ना उद्या मुंबईच्या तलावांचे पाणी मिळण्याची आशा होती. आम्ही त्या रेषेच्या बाहेर. विहिरीवरून दोन-दोन हंडे आणता आणता सासूबाई म्हणत, गिरगावात निदान पहाटे चारला तरी येत होते! तानसा आणि भातसा ही मुंबईची मोठी धरणे आमच्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्या तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ज्याच्या अंगणातून पाणी जाते तो तहानलेला, हा न्याय कोणी लावला? मुंबईच्या हद्दीत असूनही गोरेगावच्या वस्त्यांना पाण्यासाठी झगडावे लागले, आणि त्या लढ्यातूनच १९६१ साली महापालिकेत निवडून गेलेल्या मृणाल गोरे यांना लोकांनी 'पाणीवाली बाई' हे नाव दिले. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांतही उपनगरांतील गृहिणी मोठ्या संख्येने होत्या. पुरुषमंडळी सकाळी गाडीने जात आणि रात्री परत येत. दिवसभर उपनगरात राहत होतो त्या आम्ही, त्यामुळे त्याचे काय बिघडले आहे ते प्रथम आम्हालाच कळे.

आपले मंडळ निघाले तेही अशाच गरजेतून. डोंबिवलीस गणेश मंदिर १९२४ पासून होते, पु. भा. भावे, शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक इथे राहत, तेव्हा गाव काही उजाड नव्हते. पण नोकरी करणाऱ्या सुनेने मूल कोणापाशी ठेवावे याची सोय कुठेच नव्हती. मी कोटातील एका कचेरीत नोकरीस होते. सकाळी सव्वासातची गाडी, जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. पाळणाघर, पोळीभाजी, दुपारचे शिवणवर्ग हे सारे त्यातून उभे राहिले. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरीवली अशी फक्त महिलांची गाडी सुरू झाली, आणि त्याच वर्षी आपल्या मार्गावरही 'लेडीज स्पेशल' आली. तोवर माझी वीस वर्षे बायकांच्या डब्यात लोंबकळण्यात गेली होती. त्या डब्यातच भाज्या निवडल्या, मुलांचे स्वेटर विणले, आणि मंडळाच्या पहिल्या वर्गणीच्या पावत्याही त्याच डब्यात फाडल्या, हे जुन्या सभासदांना आठवत असेल.

आमच्यानंतर जे आले त्यांना तर आमच्याइतकीही मोकळीक नव्हती. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि मग गिरण्याच गेल्या. परळ-लालबागच्या खोल्या विकून कितीतरी कुटुंबे नालासोपारा, विरार, कल्याण, बदलापूर इथे गेली. सिडकोने १९७० पासून खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्यास घेतली होती, पण मानखुर्दहून वाशीला गाडी पोचली ती १९९२ साली; तोवर तिथे गेलेल्यांनी काय सोसले ते त्यांनाच ठाऊक. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात ३३,३८,०३१ माणसे होती, २०११ मध्ये ३०,८५,४११. उपनगर जिल्ह्यात २०११ ला ९३,५६,९६२. कल्याण-डोंबिवली एकट्याच बारा लाखांच्या वर गेल्या. ज्या गिरगावात आमच्या अकरा माणसांना निजायला जागा नव्हती तिथल्या चाळी आता रिकाम्या होत आहेत, आणि २०२५ साली गिरगावात जमिनीखाली मेट्रोचे स्टेशनही सुरू झाले. आजेसासूबाईंना हे पाहायला हवे होते.

आता पुन्हा आमच्या गल्लीकडे येते. मुलीचा आग्रह आहे की मी तिच्याजवळ घोडबंदर रस्त्यावर यावे. जागा सुंदर आहे. अठ्ठावीस मजले, पोहण्याचा तलाव, खाली बाग. पण पिण्याच्या पाण्याचे टँकर मी तिथे माझ्या डोळ्यांनी मोजले आहेत. आमच्या समोरच्या वहिनी बदलापूरला जागा पाहून आल्या. त्यांना मी एवढेच म्हटले की २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, तेव्हा उल्हास नदी तुमच्या दारापासून किती दूर आहे ते पावसाळ्यात एकदा पाहून या. आमची डोंबिवलीही काही निर्दोष नाही. औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये आणि मे २०२४ मध्ये स्फोट होऊन माणसे गेली. त्या बाजूला घर घेऊ नका असे मी कोणालाही तोंडावर सांगते, मग ते कितीही स्वस्त असो.

आमच्या सोसायटीत पुनर्बांधणीचा ठराव झाला त्या सभेला बावीस सभासद होते, त्यांत बायका सात. हे गेल्यावर भागपत्र माझ्या नावावर झाले, म्हणून मी त्या सातांत. करारात नव्या घराचे चौरस फूट होते, भाड्याची रक्कम होती, गाडी ठेवण्याची जागा होती. स्वयंपाकघराला खिडकी कुठे आहे आणि मंडळाची जी खोली तळमजल्यावर आहे तिचे पुढे काय होणार, हे कोणी विचारले नव्हते. आम्ही सातजणींनी विचारले. खिडकीचे उत्तर मिळाले. खोलीचे अजून लेखी मिळालेले नाही, आणि ते मिळेपर्यंत मी सही केलेली नाही. घरची मंडळी थोडी नाराज आहेत.

तीन वर्षांसाठी मी दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावरच्या दोन खोल्या पाहून ठेवल्या आहेत. भाडे मुलीने बोलून ठरविले. मी परत जाऊन रखवालदाराच्या बायकोला पाणी केव्हा येते ते विचारून आले. सकाळी सहा ते साडेसात आणि संध्याकाळी अर्धा तास, दाब बरा असतो, म्हणाली. पुढच्या महिन्यापासून मंडळाची शुक्रवारची बैठक तिथेच भरेल.